मशीन चालू ठेवणाऱ्या आयसीयूच्या सिस्टर आणि ब्रदरांना

प्रिय सिस्टर आणि ब्रदर,

सीआरआरटीचा (मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाचं रक्त मशीनवर दिवसरात्र संथपणे शुद्ध करण्याच्या उपचाराचा) डोस आम्ही ठरवतो, पण तो रुग्णापर्यंत पोचतो तुमच्यामुळे. वजनाच्या किलोमागे ताशी २५ मिली लिहिलं आणि मशीन दिवसातले ६ तास बंद राहिलं, तर हाती येतात १९ पेक्षाही कमी. किमान २० तरी मिळायला हवेत. हे तास तुम्ही वाचवता, म्हणून हे पत्र.

सर्वांत मोठे आभार दर तासाला प्रेशर लिहिल्याबद्दल. अलार्म फक्त आत्ताचं सांगतो, तक्ता मागचे सहा तास दाखवतो. अ‍ॅक्सेस प्रेशर (रुग्णाकडून रक्त ओढणाऱ्या नळीतला दाब) अचानक जास्त उणे झालं तर दोष बहुधा कॅथेटरकडे (मानेच्या किंवा मांडीच्या शिरेत घातलेल्या नळीकडे) असतो: मान वळलेली, मांडी दुमडलेली, नळीला पीळ, खोकल्याची उबळ. टीएमपी (फिल्टरच्या पडद्याच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक) आणि फिल्टरमधला प्रेशर ड्रॉप तासागणिक चढत गेला, तर फिल्टर गोठू लागलाय. हा फरक कळला नाही की चांगला फिल्टर फेकला जातो आणि खराब कॅथेटर तसाच राहतो. अलार्म वाजताच तुमचा हात आधी नळीकडे जातो, याचं मोल फार आहे. पंप थांबला की रक्त फिल्टरमध्ये साचून राहतं, आणि असे छोटे छोटे थांबेच फिल्टरचं आयुष्य खातात. लाइन उलट्या जोडल्या की लगेच कळवता, तेही बरं करता. त्याने प्रवाह सुधारतो, पण शुद्ध झालेलं रक्तच पुन्हा ओढलं जातं आणि कॅथेटर बदलायचा निर्णय लांबतो.

सायट्रेट कॅल्शियमला बांधून फिल्टरमध्ये रक्त गोठू देत नाही; ते वापरताना तर सगळी भिस्त रक्ताच्या नमुन्यावर. फिल्टरनंतरचं आयनीकृत कॅल्शियम साधारण ०.२५ ते ०.३५, रुग्णाचं १ ते १.२ मिलिमोल प्रतिलिटर. दोन नळ्यांची लेबलं बदलली तर दुरुस्ती नेमकी उलट्या दिशेने होते. तुम्ही लेबल बेडपाशीच लावता. मशीन थांबलं की वेगळ्या पंपावरचं कॅल्शियमही आठवणीने थांबवता, कारण सायट्रेट बंद असताना ते चालू राहणं धोक्याचं.

स्कॅनला नेण्याआधी विचारता, हेही महत्त्वाचं. फिल्टर ७२ तासांच्या जवळ आलाय, प्रेशर चढतंय, तर सेट (फिल्टर आणि नळ्या) त्याच वेळी बदलायचा. एका थांब्यात दोन कामं. फिल्टर पुरता गोठण्याआधी रक्त परत दिलं तर वाचतं, गोठल्यावर सेटमधलं सगळं रक्त वाया. आधीच अशक्त असलेल्या रुग्णाला ते परवडत नाही. द्रवाची पिशवी रिकामी व्हायच्या आत नवी टेबलावर तयार ठेवणं दिसायला लहान काम, पण रात्री तीन वाजता तेच कामी येतं.

आणि एक. मशीन किती वाजता थांबलं, का थांबलं, पुन्हा कधी सुरू झालं, हे तुम्ही तीन रकान्यांत लिहिता. सकाळी राउंडला आम्ही सगळ्यात आधी तेच वाचतो आणि त्यावरूनच त्या दिवसाचा डोस ठरतो. मनापासून आभार.

आपली,
नेफ्रॉलॉजी टीम