कंपायलरही चुकतो, हे मुलांना सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी भाची जिल्ह्यातल्या एका कॉलेजात संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळणाऱ्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. परवा तोंडी परीक्षेत तिने विचारलं, ‘सर, कंपायलरच चुकला तर?’ ‘कंपायलर कधी चुकत नाही, चुकता ते तुम्ही,’ एवढ्यावर विषय संपला. ते ऐकून मला वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

मी मालवणात शीतगृहांचे कंट्रोलर बनवतो, त्यांचे प्रोग्रॅम सी भाषेत लिहितो. दोन वर्षांपूर्वी बंदराजवळ एका मासळीच्या शीतगृहात नवा कंट्रोलर बसवला. आठवड्याभरात मालकांनी काचेचा थर्मामीटर माझ्यासमोर धरला. त्यावर उणे १८, पडद्यावर उणे १९. ‘ह्यातला खरा खयचा?’ एका अंशाने काय बिघडतं असं वाटेल, पण कॉम्प्रेसर त्याच आकड्यावर बंद होत होता.

चार रात्री माझाच कोड तपासला. दहातल्या नऊ वेळा चूक आपलीच निघते, सरांच्या म्हणण्यात तेवढं तथ्य आहेच. मग १,४०० ओळींतून एकेक तुकडा काढत गेलो. तुकडा काढूनही चूक राहिली तर तो बाहेर, नाहीशी झाली तर परत आत. अखेर ११ ओळी उरल्या. सरासरीसाठी तापमानाच्या आठ नोंदींची बेरीज उणे १४५, तिला भागिले ८. उत्तर उणे १८.१२५. सीच्या १९९९ च्या मानकाप्रमाणे अपूर्णांक सोडून उणे १८ यायला हवं. ऑप्टिमायझेशन, म्हणजे प्रोग्रॅम वेगवान व्हावा म्हणून कंपायलर स्वतः करतो ते फेरफार, बंद केलं की तेच येई, चालू केलं की उणे १९. आठने भागायचं तर अशा वेळी कंपायलर भागाकार न करता संख्येचे बिट (शून्य-एकचे अंक) तीन घरं उजवीकडे सरकवतो. संख्या उणे असेल तर त्याआधी ७ मिळवावे लागतात. ती पायरीच गळली होती. माझ्या टेबलावर, मालवणच्या तीस अंशांत, हे कधी दिसणारच नव्हतं.

त्या ११ ओळी, कंपायलरची आवृत्ती आणि दिलेले पर्याय असं सगळं लिहून कंपायलर बनवणाऱ्यांना कळवलं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती आली. तोवर शीतगृहात ऑप्टिमायझेशन बंद ठेवून काम भागवलं.

हे काही जगावेगळं नाही. २०११ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी सीस्मिथ या साधनाने आपोआप प्रोग्रॅम तयार करून वेगवेगळ्या कंपायलरांतल्या ३२५ हून अधिक नव्या चुका कळवल्या. तपासलेला एकही कंपायलर निर्दोष निघाला नाही.

भाचीच्या प्रयोगशाळेत अजून टर्बो सीचा निळा पडदा आहे. टर्बो सी आणि जीसीसी हे दोन्ही सीचे कंपायलर १९८७ चे. पहिल्याचं काम केव्हाच थांबलं, तिथली चूक कळवायची कुणाला? दुसरा आजही दुरुस्त होतो आहे, फुकट मिळतो आणि त्याच्यातली चूक कुणीही कळवू शकतो, वेंगुर्ल्यातला विद्यार्थीसुद्धा. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना विनंती, की एक प्रॅक्टिकल यासाठी ठेवावं: बिघडलेला प्रोग्रॅम छाटून लहान करायचा, चूक आपली की कंपायलरची ते ठरवायचं आणि नीट लिहून कळवायचं. शनिवारी माझं वर्कशॉप बंद असतं. कुठल्याही कॉलेजने बोलावलं तर त्या ११ ओळी घेऊन मी येईन, मानधन नको.

आपला,
एक वाचक, मालवण (जि. सिंधुदुर्ग)