बंड्याचा हिरवा ठिपका

गुहागर,
आषाढ अमावास्येचा आदला दिवस

प्रिय सुहास,

पत्राला उशीर झाला, शिव्या भेटल्यावर घाल. आईचा गुडघा पावसाळ्यात दुखतो तसा दुखतोय, माझं बीपी गोळीवर बरं आहे. तब्येतीचं संपलं.

बंड्याला त्याच्या मॅनेजरने पुण्याला परत बोलावलंय. मेल नाही, नुसतं कॉलवर: "गावाला गेल्यापासून तुझा आउटपुट पडलाय." पुरावा काय, तर चॅटवरचा हिरवा ठिपका (म्हणजे माणूस जाग्यावर) सारखा पिवळा होतो आणि दोन स्प्रिंटमधली, म्हणजे ठरवलेल्या टप्प्यांमधली, कामं पुढे ढकलली गेली. मीनाचं म्हणणं, मग जावं की पुण्याला. तू त्या मॅनेजरसारख्याच खुर्चीत बसतोस आणि बंड्यालाही ओळखतोस, म्हणून हे सगळं तुझ्या माथी.

तुझं ठरलेलं वाक्य मीच लिहून टाकतो: "घरी माणूस ढेपाळतो." ढेपाळणारे आपण दोघं रे, बंड्या नव्हे. सबमिशनच्या आदल्या रात्री आपली जर्नलं कोणी पुरी केली होती, आठव जरा.

त्याच्या घरी वेळ कुठे जातो ते सांगतो. आठ तास लाईट गेली तर फारसं बिघडत नाही. टीमला कळवता येतं, ऑफलाइन काम काढता येतं. मारतो तो दोन सेकंदांचा झटका. वाऱ्याने फांदी तारेला लागते, दिवे लुकलुकून परत येतात, पण तेवढ्यात फायबरची डबी, म्हणजे नेटचा राउटर, रीस्टार्ट झालेली असते. ती लाइनवर यायला दोनतीन मिनिटं. तोवर कंपनीच्या नेटवर्कला जोडणारं व्हीपीएन तुटलेलं, ते पुन्हा ओटीपी मागणार, आणि ओटीपीचा मेसेज येतो तो रेंज असेल तिथे, म्हणजे खळ्यात छत्री घेऊन उभं राहिल्यावर. सर्व्हरवर उघड्या सेशनमध्ये बिल्ड (कोडचा प्रोग्राम बनवायचं काम) लावलेलं असेल तर तेही गेलं. दहा मिनिटं ही, वर डोक्यातला धागा जुळायला लागतील तेवढी. पावसाच्या सकाळी हे पाचसहा वेळा झालं की डॅशबोर्ड म्हणतो, माणूस जाग्यावर नव्हता.

इन्व्हर्टर असताना हे कसं, असं तू विचारणारच. इन्व्हर्टरला एक छोटा खटका असतो: यूपीएस आणि नॉर्मल. यूपीएसवर ठेवला तर विजेवरून बॅटरीवरचा बदल काही मिलिसेकंदांत होतो, डबीला पत्ताही लागत नाही. पण मग व्होल्टेज साधारण १८०च्या खाली आलं की इन्व्हर्टर बाहेरची वीज नाकारतो आणि बॅटरीवर जातो. बंड्याचं घर लाइनच्या शेवटाला. संध्याकाळी पाणी चढवायला सगळ्या वाडीच्या मोटरी लागल्या की तिथे १७० सुद्धा मिळत नाही. म्हणजे वीज आहे, मीटर फिरतोय, आणि घर मात्र बॅटरीवर. रात्री नऊच्या अमेरिकेच्या कॉलपर्यंत बॅटरी बसलेली. दुकानदार म्हणतो नवी घ्या. बॅटरीला काहीही झालेलं नाही! नॉर्मलवर टाकला तर तोच इन्व्हर्टर १०० व्होल्टच्या आसपासपर्यंत चालवून घेतो, फक्त बदल सावकाश होतो. लॅपटॉपला त्याचं काही नाही, त्याची बॅटरी पोटात आहे. अडतं ते डबीचं. म्हणून खटका नॉर्मलवर, आणि डबीला तिचा वेगळा १२ व्होल्टचा डीसी यूपीएस, म्हणजे फक्त डबीपुरती छोटी बॅटरी.

राहिला पंखा. १५० एएचची (ॲम्पिअर-तासांची) १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास. ती तळापर्यंत उपसायची नसते, इन्व्हर्टरही आपला वाटा खातो, म्हणून हाती हजार धर. लॅपटॉप ५०, दिवा १०, जुना पंखा ७५: सात तास. तोच पंखा ३० वॉटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा, लावला तर अकरा. (मालाडच्या खोलीतला पंखा मी जाळला असं तू अजून सांगत फिरतोस. रेग्युलेटर जळला होता, आणि तो तू शेवटच्या आकड्यावर ठेवून गावाला गेला होतास.) बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच, विहिरीचं कितीही गोड असलं तरी नाही. टर्मिनलला पेट्रोलियम जेली फासायची, नाहीतर खारी हवा महिन्याभरात पांढरा बुरा चढवते.

नेटचं त्याचं दुखणं वेगळं. "स्पीड शंभरचा आहे" म्हणून तो फुशारतो. कॉलला चार-पाच एमबीपीएस पुरतात, आवाज तुटतो तो पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, वाटेत गळल्यामुळे. आधी घरातल्या राउटरला शंभर पिंग (उत्तर येतं का बघणारे छोटे संदेश) मारायचे, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. राउटरलाच गळत असेल तर दोष वायफायचा, तिथे स्वच्छ आणि बाहेर गळत असेल तर लाइनचा. बंड्याच्या घरी राउटरलाच गळतं. डबी पडवीत, तो माजघरात, मध्ये चिऱ्याच्या दोन जाड भिंती. पाच गिगाहर्ट्झ तिथे काय पोचणार? झरोक्यातून वीस मीटर नेटची कॅट सिक्स केबल ओढली की विषय संपला. जोडीला दुसऱ्या कंपनीचं सिम हवं, पण टॉवरही बॅटरीवरच जगतो, काही तासांनी तोही मान टाकतो. २०२०च्या निसर्ग चक्रीवादळासारखं काही आलं तर कुठलंच यंत्र पुरणार नाही. तेव्हा सुट्टी टाकावी.

आता तुमच्या जातीकडे येतो, म्हणजे मॅनेजरांच्या. बंड्याचं कॅलेंडर मी बघितलं: अकरा, साडेबारा, तीन, पाच, आणि रात्री नऊ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळं मागे गेली की तो नऊचा कॉल दहाला, ते थेट मार्चपर्यंत. यात ऑफिसच्या वेळात, जेवण सोडून, सलग दोन तास मला दाखव! कोविडच्या काळात भारतातल्या एका टेक कंपनीतल्या दहा हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास झाला होता: तास वाढले, काम किंचित घटलं, उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी पडली. हे तुझ्या बाजूचं, फुकट घे. पण कारणंही वाच: समन्वय आणि मीटिंगा वाढल्या, विनाव्यत्यय तास बरेच आटले. आणि २०२४ साली 'नेचर'मध्ये आलेल्या ट्रिप डॉट कॉमच्या प्रयोगात, १६१२ माणसं, आठवड्याला दोन दिवस घरून, कामगिरीत फरक नाही आणि नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने कमी. तिथे बाकीचे तीन दिवस ऑफिस होतं, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणतो.

तर माझं मागणं एवढंच. त्या मॅनेजरला तू कॉन्फरन्सपासून ओळखतोस. त्याला सांग, एक महिना सकाळी साडेनऊ ते एक बंड्याला मीटिंग नको. मोजायचं तर पूर्ण झालेलं काम मोज, ठिपका नको. आणि रिव्ह्यूला, म्हणजे दुसऱ्याने तपासायला, कोड संध्याकाळी सहाला टाकला की उत्तर दुसऱ्या दिवशी येतं, अर्धं "पुढे ढकललेलं" काम तिथेच अडकलंय. बंड्याने तो दुपारच्या आत आणि छोट्या तुकड्यांत टाकावा, हे त्याच्या डोक्यात मी घालतो.

तुझ्या बढतीचं अभिनंदन. वहिनींना नमस्कार. चिनूला आर्ट्स घ्यायचंय तर घेऊ दे, तिच्यावर आपल्या वेळचे प्रयोग नकोत. फ्लॅटचा ताबा मिळाला का?

गणपतीला येताना दोन डीसी यूपीएस आण. बंड्याच्या डबीवर १२ व्होल्ट दीड ॲम्पिअर लिहिलंय, तेव्हा यूपीएस दोन ॲम्पिअरचा बघ. पिन ५.५ बाय २.१ मिलिमीटरची. २.५ची आणलीस तर सैल बसेल आणि नुसत्या हात लागण्याने डबी रीस्टार्ट होईल. कुंभार्ली घाटाने ये, आणि दिवसाउजेडी.

तुझा,
दिग्या