कवडीची स्लाइड

प्रिय सुध्या,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर नाही, याची खंत आहेच. तब्येत ठीक, आईचा गुडघा तसाच. पण आज लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

आक्काच्या कोंबड्या गेल्या रे. 21.

गेल्या दिवाळीत मर लागली, तेव्हा ती मानमोडीच (राणीखेत) म्हणत होती. मी रक्त पाहिलं तर मळसूत्री जिवाणू. बोरेलिया अ‍ॅन्सरिना. हिरवी हगवण, पांढरा पडलेला तुरा, मेलेलीची पाणथरी फुगून ठिपक्याठिपक्यांची. त्याच दिवशी हाती लागलेल्या सगळ्यांना पेनिसिलीन टोचलं. आठवड्यात खुराडं पुन्हा कलकलू लागलं आणि मी छातीठोकपणे सांगून बसलो, "आक्का, यातून उठलेली कोंबडी पुन्हा यानं मरत नाही."

श्रावणात मेल्या त्यात दिवाळीतून उठलेल्याच जास्त.

आधी तुझं भांडण आठवलं. शिरवळच्या गच्चीवर रात्री दोनपर्यंत ओरडत होतास, रोग एक पण जिवाणूच्या तऱ्हा अनेक, एकीवरची प्रतिकारशक्ती दुसरीवर चालत नाही! याच्याच जातभाईच्या, बोरेलिया हर्म्सीच्या, उंदरांवरच्या प्रयोगाचा दाखलाही तुझाच: 1982 सालचा, एकाच जिवाणूच्या वंशात 24 रूपं निघाल्याचा. "चोरानं सदरा बदलला की शिपाई गेला चहाला", हे तुझं वाक्य थेट सरांपर्यंत पोचलं होतं. अजून हसू येतं. आक्कानं आषाढात बाजारातून चार कोंबड्या आणल्या होत्या, त्यांच्या पंखांखाली हा रोग पसरवणाऱ्या गोचिडाची पिल्लं तिळासारखी चिकटलेली मी पाहिली. नवी तऱ्हा तिथूनच आली, असं म्हणून मोकळा झालो असतो.

पण काल जुन्या स्लाइड्स काढल्या. टोचण्याआधीच्या. जवळजवळ सगळ्यांत जिवाणू सुटे सुटे, विखुरलेले. फक्त कवडीच्या स्लाइडवर गुंता, फणीत अडकलेल्या केसांसारखा. कवडी आठवते ना? ती कोंबडी आजारी होऊन लाकडांच्या ढिगात चार दिवस दडली होती, सापडली तेव्हा टोचली. म्हणजे तिच्या रक्तात जिवाणूंशी लढणारी प्रतिपिंडं येऊन जिवाणूंच्या गाठी बांधून बसली होती. बाकीच्यांत अजून आली नव्हती. आणि श्रावणात कवडीला काहीच झालं नाही.

नवी तऱ्हा असती तर कवडी तरी का वाचली? सुध्या, मी फार लवकर टोचलं का? त्यांच्या शरीराला शत्रूची ओळख पटायच्या आत मीच तो मारून टाकला का? न टोचता बसलो असतो तर तेव्हाच अर्ध्या गेल्या असत्या, हेही कळतं. एका कोंबडीवरून काही सिद्ध होत नाही, तिला गोचीड चावलंच नसेल, हेही कळतं. तरी पहाटे तीनला तीच स्लाइड डोळ्यांसमोर येते.

खुराड्याच्या भेगा ब्लोलॅम्पनं भाजल्या, वर लिंपण केलं. गोचीड दिवसा तिथंच दडतात, रात्री रक्त पिऊन परत. माद्या अंड्यांतूनही जिवाणू पुढं देतात, म्हणून एकही भेग सोडली नाही.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिनूला दहावीबद्दल शाबासकी सांग, भेटलो की पेन देईन.

चार स्लाइड्स कापसात गुंडाळून सोबत पाठवतोय. कवडीची शेवटी बघ. आणि लवकर लिही. आक्का पोळ्यानंतर नव्या तलंगा आणायच्या म्हणतेय, आणि तिनं विचारलंय, "आता काय सांगशील?"

तुझा,
दत्ता