तुला दिसलेल्या माशाविषयी

पवनी, जि. भंडारा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

अंदमानातल्या स्वराज द्वीपाहून पाठवलेले तुझे पत्र काल मिळाले. समुद्रात बुडी मारली असताना तुला घोस्ट पाइपफिश हा समुद्रघोड्याच्या नात्यातला मासा दिसला, पण कॅमेरा जवळ नसल्यामुळे सोबतच्या कोणाचाच त्यावर विश्वास बसला नाही, हे वाचून वाईट वाटले. माझा मात्र तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. फेदर स्टार या समुद्रजीवाच्या पिसांसारख्या हातांमध्ये डोके खाली करून निश्चल राहणारा, त्याच्याच रंगात मिसळून गेलेला, जेमतेम बोटाएवढा मासा इतरांच्या नजरेतून सुटणे अगदी स्वाभाविक आहे.

गोसीखुर्दच्या धरणाची भिंत उभी राहण्याआधीची गोष्ट. दिवाळीनंतर पाणी निवळले होते आणि खडकात अडकलेले जाळे सोडवायला मी वैनगंगेच्या डोहात उतरलो होतो. जाळे मोकळे करीत असताना हातभर अंतरावरच्या कपारीतून मनगटाएवढे जाड एक डोके बाहेर आले. आधी वाम वाटली. पण वामीच्या पाठीवर काट्यांची रांग असते, आणि हिच्या पाठीवरून निघालेला एकच अखंड पर शेपटीला वळसा घालून पोटाकडे गेला होता, अंगभर चट्टे होते. दम संपेपर्यंत मी तिच्याकडे पाहत राहिलो. वर येऊन सांगितले तेव्हा तुझ्या आजोबांनी तेवढे शांतपणे ऐकून घेतले, बाकीचे हसले.

तो गोड्या पाण्यातला ईल होता, हे पुष्कळ वर्षांनी कळले. हे मासे समुद्रात जन्मतात, काचेसारखी पारदर्शक पिल्ले नद्यांत शिरतात, तिथे वर्षानुवर्षे वाढतात आणि आयुष्यात एकदाच, अंडी घालायला, परत समुद्राकडे जातात. म्हणजे तो जीव बंगालच्या उपसागरातून गोदावरी, प्राणहिता असा प्रवाहाविरुद्ध चढत आपल्या डोहापर्यंत आला होता! धरण झाल्यावर तसा मासा मला पुन्हा दिसला नाही. त्या दिवशी मी काहीच लिहून ठेवले नाही, याची खंत आजही वाटते. ते चट्टे पिवळसर होते की तपकिरी, हे आता खात्रीने सांगता येत नाही.

तेव्हा तू आजच तारीख, वेळ, खोली आणि माशाचा रंग वहीत लिहून ठेव. समुद्रघोड्यांत अंडी नर सांभाळतो, तुझ्या या माशांत मात्र मादी सांभाळते, आणि पोटाखालचे तिचे पर जुळून त्यांची पिशवी झालेली असते. तुला दिसलेल्या माशाला ती पिशवी होती का, ते नीट आठवून कळव.

तुझे बाबा