टर्बो की मोठे इंजिन : निवड सीसीवर नको

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि चार मीटरच्या आतील, १२०० सीसीपर्यंतच्या (सीसी म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांचे एकूण आकारमान) पेट्रोल गाड्यांवरील कर १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून सोलापुरात गाडी घ्यायला निघालेल्या बहुतेकांना लहान टर्बो इंजिनाचीच, म्हणजे एक्झॉस्टच्या (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या) जोरावर फिरणारा पंखा ज्यात जादा हवा दाबून भरतो अशा इंजिनाची, शिफारस केली जाते. ही शिफारस गिऱ्हाइकाचा वापर न विचारताच होते, हा माझा आक्षेप आहे.

मारुतीच्याच दोन गाड्यांचे उदाहरण घेऊ. फ्रॉन्क्स आणि ब्रेझा या दोन्हींची लांबी ३९९५ मिलिमीटर आहे. फ्रॉन्क्सचे ९९८ सीसीचे टर्बो इंजिन १४८ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते आणि तोही २००० आरपीएमपासून (आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे). ब्रेझाचे १४६२ सीसीचे साधे, म्हणजे टर्बो नसलेले, इंजिन १३७ न्यूटन मीटरपर्यंत पोहोचते, पण त्यासाठी ४४०० आरपीएम लागतात. कमाल ताकद दोन्हींची जवळपास सारखी, म्हणजे १०० आणि १०३ पीएस. असे असूनही पहिलीवर १८ टक्के कर आणि दुसरीवर ४० टक्के. हा फरक इंजिनाच्या गुणदोषांवरून नव्हे, तर केवळ सीसीच्या आकड्यावरून पडलेला आहे, आणि शोरूममध्ये तोच ‘आधुनिक तंत्रज्ञान’ या नावाखाली गिऱ्हाइकाच्या गळी उतरवला जातो.

टर्बोचा फायदा खोटा आहे, असे मुळीच नाही. गाळप हंगामात बार्शी-करमाळ्याकडच्या दुपदरी रस्त्यांवर उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे असतो, गाडीत पाच माणसे आणि सामान असते, आणि समोरून येणाऱ्या वाहनाच्या आत ओव्हरटेक पुरा करायचा असतो. अशा वेळी साध्या १२०० सीसीच्या गाडीला दोन गियर खाली आणून इंजिन ओरडवावे लागते, तर टर्बो गाडी त्याच गियरमध्ये सहज पुढे निघते. ज्यांचे पुण्याला वरचेवर जाणे होते किंवा जे सहकुटुंब लांबचा प्रवास करतात, त्यांनी टर्बो जरूर घ्यावी.

परंतु शहरातल्या शहरात, सात रस्त्यावरून नवी पेठेत आणि तेथून परत, एवढेच ज्यांचे रोजचे चालवणे आहे, त्यांच्या गाडीत टर्बो फारसा कामाला लागतच नाही. कमी आरपीएमवर एक्झॉस्टचा जोर पुरेसा नसतो, त्यामुळे गर्दीत हाताशी उरते ते नुसते हजार सीसीचे इंजिन. ॲव्हरेजचे म्हणाल, तर मॅन्युअल गियरच्या फ्रॉन्क्समध्ये टर्बोचा प्रमाणित चाचणीतला आकडा लिटरला २१.५ किलोमीटर आहे आणि साध्या १२०० सीसीचा २१.७९. म्हणजे चाचणीतही बचत नाही. त्यात ही चाचणी ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही. भरधाव महामार्गावर सतत दाब देऊन चालवलेला टर्बो किती पेट्रोल पितो, हे त्या आकड्यातून कळत नाही.

आपल्या उन्हाळ्याचाही विचार व्हायला हवा. २५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांवर हवा सुमारे सहा टक्के विरळ होते, त्यामुळे साध्या इंजिनाची ताकद त्या प्रमाणात घटते. टर्बो ही तूट दाबाने भरून काढतो, पण दाबलेली हवा आणखी तापते आणि तिला थंड करणाऱ्या इंटरकूलरला बाहेरून मिळते ती मे महिन्यातली सोलापूरची हवा. मग नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) टाळण्यासाठी इंजिनाचा संगणक स्पार्क उशिरा देतो आणि पिकअप मंदावतो. (आपल्या जिल्ह्यातील कारखान्यांच्या इथेनॉलने पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंगला तोंड देण्याची क्षमता, वाढतो, ही त्यातल्या त्यात टर्बोच्या सोयीची बाब.)

माझ्या मते सर्वांत मोठा प्रश्न देखभालीचा आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच ऑइल, तेही वेळच्या वेळी बदलणे आणि लांबच्या वेगवान प्रवासानंतर इंजिन अर्धा-एक मिनिट चालू ठेवूनच बंद करणे, ही पथ्ये पाळावीच लागतात. आपल्याकडे गाडी दहा-बारा वर्षे वापरली जाते, वॉरंटी संपल्यावर ओळखीच्या गॅरेजमध्ये जाते आणि पुढे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे पोहोचते. त्या मालकाला ही पथ्ये कोण सांगणार? साधे मोठे इंजिन अशी हेळसांड बरीच सोसते. म्हणूनच गाडी दीर्घकाळ ठेवू इच्छिणाऱ्याने, कर जास्त बसत असला तरी, १५०० सीसीचा पर्याय न पाहता सोडू नये.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत सीसी आणि ॲव्हरेज यांच्या जोडीला टॉर्क व तो किती आरपीएमवर मिळतो हेही छापावे, अशी विनंती आहे. विक्रेत्यांनीही टेस्ट ड्राइव्हसाठी शोरूमभोवती एक फेरी मारून न आणता, भर दुपारी, एसी चालू ठेवून आणि घरची चार माणसे बसवून गाडी तुळजापूर रस्त्यावर चालवू द्यावी.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर