न फुटलेल्या अंड्यांचीही नोंद हवी

महोदय,

कासवांचा हंगाम संपत आला की कोकणातल्या किनाऱ्यांचा हिशेब छापून येतो: इतकी घरटी, इतकी अंडी, इतकी पिल्ले समुद्रात सोडली. राहिलेली अंडी 'खराब' म्हणून पुरली जातात. ती का फुटली नाहीत, हे त्या अंड्यांच्या आतच दिसते आणि तेच आपण पाहत नाही.

पहिली पिल्ले वर आल्यावर तीन-चार दिवसांनी घरटे उकरतात. तेव्हाच, वनखात्याच्या परवानगीने, हातमोजे आणि मास्क घालून, न फुटलेली अंडी कात्रीने उघडावीत. मात्र अजून पांढरेशुभ्र, टपोरे असलेले अंडे उघडू नये. ते आहे तसेच, न फिरवता, पुन्हा वाळूत ठेवून आठवडाभर वाट पाहावी.

आत नुसता बलक असेल, रक्तवाहिनी किंवा डोळ्याचा काळा ठिपका नसेल, तर अंडे फळलेच नव्हते किंवा गर्भ अगदी सुरुवातीला मेला. एखाद्याच घरट्यात असे निघाले तर ते त्या मादीपुरते असू शकते. किनाऱ्यावरून हॅचरीत, म्हणजे कुंपण घातलेल्या राखीव वाळूत, हलवलेल्या बहुतेक घरट्यांत निघाले, तर दोष बहुधा आपल्या हाताळणीचा. ऑलिव्ह रिडले या आपल्या किनाऱ्यावरच्या समुद्री कासवाने अंडी घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाच्या आत वरच्या बाजूला चिकटू लागतो. मग अंडे फिरले की तो मरू शकतो. अंडी घालताना मादी दिसली तर दोन तासांत ती हॅचरीत पोचावीत. पहाटे नुसता माग सापडला, तर वरची बाजू वरच ठेवून एकेक अंडे उचलावे, बादलीत ओलसर वाळूवर मांडावे आणि चालत न्यावे. पिशवीत भरून मोटारसायकलवरून नेणे म्हणजे अख्खे घरटे घालवणे.

पिल्लू पूर्ण वाढलेले, अंगाला रंग आलेला, पण बलकाची पिशवी अजून पोटाबाहेर असेल, तर उष्णता किंवा हवेची कोंडी यांचा संशय घ्यावा. वाळू 34 अंशांपुढे बराच काळ राहिली की मर वाढते. तापमान वरच्या वाळूचे नको, अंड्यांच्या पातळीचे, म्हणजे साधारण दीड फूट खोलीवरचे घ्यावे. शेवटच्या टप्प्यात अंडी स्वतःही उष्णता सोडतात, त्यामुळे घरट्याचा मध्य शेजारच्या वाळूपेक्षा गरम असतो. मार्चपासून वर हिरवी जाळी बांधावी, घरट्यांत एक मीटर अंतर ठेवावे आणि वाळू पायाने दाबू नये.

बुरशीवर मुख्य उपाय: दरवर्षी हॅचरीची जागा बदलणे. जुन्या कवचांची वाळू पुन्हा वापरली की बुरशी नव्या अंड्यांवर चढते.

वनखात्याने कासवमित्रांच्या नोंदवहीत चार रकाने वाढवावेत: गर्भ नाही, लहान गर्भ, पूर्ण वाढ, कवच फोडताना मृत. शेजारी घरटे हलवायला लागलेला वेळ आणि रोजचे तापमान लिहावे. ही वही हंगामाअखेर वेळास, आंजर्ले, गुहागर, वायंगणी अशा सर्व किनाऱ्यांवर फिरवावी.

— काही कासवमित्र, दापोली तालुका