फसफसले म्हणजे डाग गेला असे नव्हे

महोदय,

घरातील साफसफाईवरच्या आपल्या पुरवणीत गालिचा ‘केमिकलविना’ स्वच्छ करण्यासाठी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून ओतायला सांगितले आहे. माझी सगळी नोकरी शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यातच झाली, त्यामुळे गप्प बसवेना. सोडा आम्लारिधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र आले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात आणि मागे उरते सोडियम ॲसिटेटचे खारट पाणी. बघायला झकास, पण दोघांचाही जोर तिथेच संपतो. सोडा हवा असेल तर कोरडाच भुरभुरावा, रात्रभर ठेवून सकाळी झाडून काढावा. कुबट वास जातो. त्याहून जास्त अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

मुळात गालिच्याचा खरा शत्रू म्हणजे तळाशी बसलेली बारीक रेती. पायाखाली ती धागे कापत राहते. म्हणून आधी गालिचा गच्चीच्या कठड्यावर उलटा टाकून पाठीकडून चांगला बदडावा. हे न करता पाणी लावले तर आत चिखल होतो.

आमच्याकडे सासूबाईंच्या वेळचा भदोहीचा लोकरी गालिचा आहे. लोकर म्हणजे शेवटी केसच, तिला धुण्याचा सोडा अजिबात चालत नाही. तिच्यासाठी रिठा. साली रात्री भिजत घालायच्या, सकाळी उकळून गाळायच्या आणि ते पाणी रवीने घुसळायचे. वर येणारा फेस तेवढा सुती फडक्यावर घ्यायचा आणि लवेच्या दिशेने पुसायचे. खालचे पाणी तपकिरी असते, ते फिक्या गालिच्यावर सांडले तर नवाच डाग पडतो. रंग सुटतो का, हे आधी एका कोपऱ्यावर ओले पांढरे फडके दाबून पाहावे. शेवटी साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून पंख्याखाली पूर्ण वाळवावे. आणि रिठा नैसर्गिक असला तरी डोळ्यांत गेला की भयंकर चुरचुरतो. नातवंडांना लांब ठेवा.

आपल्या घरांतला नेहमीचा डाग आमटीचा, म्हणजे हळदीचा. त्यावर सोडा लावाल तर तो लालभडक होईल. हळदीत चुना घालून कुंकू करतात, तेच तुमच्या गालिच्यावर होणार! तेलकटपणा तांदळाच्या पिठाने टिपून घ्यावा, फेसाने पुसावे आणि उरलेल्या पिवळेपणाला ऊन दाखवावे. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. बाकीचा गालिचा मात्र चादरीने झाकावा, नाहीतर त्याचाही रंग उडेल.

कसर लागू नये म्हणून गुंडाळताना डांबरगोळ्या टाकायची सवय अजून अनेक घरांत आहे. त्यांतल्या नॅप्थॅलिनच्या वाफांमुळे जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. बाळंतिणीच्या खोलीत तरी त्या नकोतच. आम्ही वेखंडाचे तुकडे मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवतो आणि अधूनमधून गालिचा उलगडून झटकतो. झटकणेच जास्त कामाचे, हे माझे मत.

जमल्यास घोंगडीवरही कुणाकडून लिहून घ्यावे. तिला चिंचोक्याची खळ असते. धुतली की ती खळ जाते आणि घोंगडी लुळी पडते, म्हणून धुवूच नये, असे मी म्हणते. आमचे हे मात्र दर वर्षी ती नदीवर न्यायला निघतात.

— एक निवृत्त शिक्षिका, मिरज